गरजेचा पुरावा

नियम असा होता की नवी गाडी रस्त्यावर आणायची तर जुन्या गाडीवाल्याची हरकत नको. हरकत आलीच, तर नव्या माणसाने सिद्ध करायचं की लोकांना आपली गरज आहे. म्हणजे कुस्ती लढायची, आणि पंच कोण, तर समोरचाच पैलवान.

इथे समोरचा पैलवान तिचा सख्खा दीर होता. त्याच्या तीन बस. तिची एक बारा आसनांची व्हॅन, नवरा गेल्यावर घेतलेली. शिवणकारखान्याची पाळी सकाळी सहाला भरायची आणि दिराची पहिली बस सातला यायची. ही तफावत तिने बरोबर हेरली होती. आठ महिने ती कारखान्यातल्या बायकांसाठी चोरून गाडी चालवत होती. परवाना मिळाला तर उजळ माथ्याने चालवता येणार होती. चोरी उघड झाली तर गाडी जप्त आणि पाच वर्षं अर्जसुद्धा करता येणार नव्हता.

परवाना कार्यालयातल्या सुनावणीत, अधिकारी मॅडमसमोर, दीर आधी उभा राहिला.

"मॅडम, दुपारी माझी बस रिकामी पळते. परवान्यात लिहिलंय म्हणून पळवतो. सकाळची मलई वहिनींनी खायची आणि दुपारचं ताक मी प्यायचं? आणि सहाला प्रवासी आहेतच कुठे!"

शेवटचं वाक्य धडधडीत खोटं होतं. आधीचं खोटं नव्हतं, म्हणूनच तिला जास्त राग आला.

मग तिची साक्षीदार उठली. कारखान्यातली सगळ्यांत जुनी शिवणारी, सगळ्यांची मावशी. 'बस वेळेवर नसते, एवढंच बोला,' असं तिला दहा वेळा पढवून आणलं होतं. पण कौतुक पोटात ठेवील तर ती मावशी कसली!

"गरज म्हणजे काय विचारता, मॅडम? आठ महिन्यांत हिने एक खाडा केला नाही!"

मॅडमचं पेन थांबलं. "आठ महिने? परवान्याशिवाय?"

मावशीने जीभ चावली.

मॅडम दिराकडे वळल्या. "रस्ता तुमचा आहे. यांची गाडी प्रवासी नेताना तुम्ही पाहिलीत?"

रोज पाहत होता तो. एक 'हो' म्हटलं की वहिनीचा कायमचा काटा निघत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"नाही. मावशींचं वय झालंय, काहीही बोलतात."

तिचा जीव भांड्यात पडला. दिराबद्दल माया दाटून आली, फार दिवसांनी.

"मग साक्ष बाद," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे सहाला प्रवासी असल्याचा पुरावाच उरला नाही. अर्ज फेटाळावा लागेल."

गाडी वाचली होती, रस्ता गेला होता. गप्प बसण्यातच शहाणपण होतं. पण शेजारी मावशी मान खाली घालून बसली होती, खुळी ठरवलेली.

"भाऊजी खोटं बोलतायत," ती म्हणाली. "मी नेते. रोज बाराजणी."

"वहिनी, गप्प बसा हो!" दीर कळवळून म्हणाला.

मॅडमनी बराच वेळ लिहिलं. दिराला खोट्या साक्षीबद्दल ताकीद दिली. मग म्हणाल्या, "गरज सिद्ध झाली. सहाच्या पाळीची फेरी मंजूर. पण बाई, तुमचा अर्ज बाद. गाडीची किल्ली इथे ठेवा." आणि दिराला, "परवाना तुमच्याकडे आहेच. चालवाल?"



"चालवतो," तो पुटपुटला. त्याने हे आधीपासून योजलेलं नव्हतं, हे तिला दिसत होतं. त्यामुळे त्याला धड शिव्याही देता येईनात.

मागच्या बाकावर बसलेल्या कारखान्यातल्या बायका उठल्या. उद्या कामावर तर जायचंच होतं. त्यांतली एक तिची नजर चुकवून दिराला म्हणाली, "दादा, बस किती वाजता येणार?"

त्याला सांगता येईना. तो वहिनीकडे बघू लागला.

"पाच चाळीसला," तिने किल्ली टेबलावर ठेवली. "आणि भाऊजी, वडाखालच्या थांब्यावर जरा जास्त थांबत जा. मावशीला पायरी पटकन चढवत नाही."