डाव्या कप्प्याची काळजी

मी हवेची होडी बोलतेय. आवाज बारीक येतोय, पण इलाज नाही. माझ्या डाव्या कप्प्यात सध्या हवाच नाही. बास्केटबॉलच्या मैदानात, छपराखाली, मला उताणी पसरलंय. अंगावर नवं ठिगळ आहे आणि ठिगळावर तांदळाचं पोतं. भोवती निम्मं बारंगाय, म्हणजे आमची निम्मी वस्ती, चटया टाकून बसलंय. नदी अजून उतरलेली नाही.

काळजी करायची सवय मला जन्मापासूनची. जाड कापडावर लेप चढवून, कापून, कडा गोंदानं चिकटवून माझं अंग तयार झालं. एक कप्पा नाकाचा, एक डावा, एक उजवा. मध्ये आतून पडदे, म्हणजे एक कप्पा गेला तरी उरलेले दोन मला तरंगती ठेवतील. हे ज्यानं सांगितलं तो कोरड्या जमिनीवर उभा होता. प्रत्येक कप्प्याला एक झडप, हवा आत घेणारी आणि बाहेर न सोडणारी. मागे इंजिन टांगायला लाकडी पाठफळी, तळाला जोडफळ्या. कडेनं कड्यांतून ओवलेली दोरी, पाण्यात पडलेल्यानं धरायला. ही दोरी कारखान्यातूनच ओवून देतात, यावरून माझ्यावर किती भरवसा आहे ते समजावं.

मला पुरासाठी बारंगायनं विकत घेतलं, लोकांनी भरलेल्या करातून. मी आले त्याच दिवशी माझ्या डाव्या अंगावर तेलाच्या लाल रंगानं लिहिलं गेलं: ‘कापितान आबार्केस यांची भेट’. पुलो आबार्केस हा तेव्हा बारंगायचा निवडून आलेला कापितान, म्हणजे वस्तीचा प्रमुख. डावं अंग अशासाठी, की मिरवणुकीत रस्त्याकडेच्या लोकांना तेच दिसतं. भेट कोणाच्या पैशांनी, हे लिहायला जागा उरली नव्हती.

पूर न आलेल्या वर्षांत मी बरीच कामं केली. गावजत्रेला माझ्यात बर्फ आणि बिअरच्या बाटल्या भरल्या. उन्हाळ्यात पाणी ओतून पोरांना डुंबायला ठेवलं. भर उन्हात मला टम्म फुगवून ठेवत. हवा तापून शिवणी ताणल्या की मला धडधड व्हायची, लोक पोटावर थाप मारून म्हणत, “बघ कशी कडक आहे.”

मग निवडणूक झाली आणि फेमियो दिमाकुलांगान कापितान झाला. त्याचा पहिला हुकूम रस्त्याबद्दल नव्हता, गटाराबद्दलही नव्हता.

“देल्फिन, ते नाव काढ.”

देल्फिन माझा नावाडी. एरवी तो तीनचाकी रिक्षा चालवतो. त्यानं थिनरचा डबा आणला आणि चिंधीनं घासायला सुरुवात केली. लाल रंग गेला. पण उन्हानं माझा नारिंगी रंग विटला होता आणि अक्षरांखालचा तेवढा ताजा राहिला होता. त्यामुळे पुसल्यावर नाव आधीपेक्षा ठसठशीत वाचता येऊ लागलं.

फेमियोनं मान वाकडी करून वाचलं. “हे तर अजून इथंच आहे.”

“कापितान, हे आतून उमटलंय.”

“मग आतपर्यंत घास.”

पॉलिश पेपर आला, पुन्हा थिनर आला, तेव्हा कुठं नाव गेलं. नावाचं शेवटचं अक्षर नेमकं माझ्या शिवणीवर पडलं होतं. थिनर रंगाला जसा लागतो तसाच गोंदालाही लागतो. कड मऊ पडलेली मला जाणवत होती. बोलता आलं असतं तर मी ओरडले असते. पण मला आवाज येतो तो फुटल्यावरच.

आज सकाळी धरणातून पाणी सोडलं. नगरपालिकेची मोठी होडी ‘निघाली आहे’ असं कळलं, आणि अजून तसंच कळतंय. देल्फिननं भाता पायानं दाबून माझे कप्पे भरले, इंजिन टांगलं. फेमियो स्वतः नाकाशी बसला, कारण काठावर कोणीतरी फोटो काढत होतं. दोनतीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला डावी कड जराशी उचलली जात होती, आणि माझं सगळं लक्ष तिकडं.

मग आम्ही मागच्या गल्लीत गेलो. वरच्या मजल्याच्या खिडकीत पुलो आबार्केस आणि त्याची बायको, आलिंग सालिंग; आलिंग म्हणजे मावशी. तिचे गुडघे कामातून गेलेले, पोहणं येत नाही.

“या कापितान, उतरा,” फेमियो म्हणाला.

“कापितान तुम्ही. आम्ही साधी माणसं, आम्ही थांबू.”

“तुम्ही दोघं ठरवा,” आलिंग सालिंग म्हणाली. “तोवर मी उतरते. देल्फिन, हात दे रे बाळा.”

ती नेमकी डाव्या बाजूला बसली. मागून पुलो उतरला. खाली बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला.

“माझं नाव कुठंय?”

“उन्हानं उडालं,” फेमियो म्हणाला.

“ऊन फक्त माझ्याच नावावर पडतं वाटतं.”

गल्लीच्या तोंडाशी पाण्याला ओढ होती. तिथं मला वळताना पीळ बसला आणि इतके महिने जिची भीती होती ती कड सुटली. फुस्स असा लांब आवाज झाला. माझी डावी बाजू मऊ पडू लागली, पाणी आलिंग सालिंगच्या मांडीपर्यंत आलं. मी दोन कप्प्यांवर होते, आणि पडदे धरतात की नाही ते मला तेव्हाच पहिल्यांदा कळणार होतं.

“आलिंग सालिंग, उजवीकडं सरका,” देल्फिन म्हणाला. इंजिन सोडणं त्याला शक्य नव्हतं. “कोणीतरी ती कड दाबा.”

पुलोनं तळहात टेकवला. हवा बोटांमधून निसटत होती. फेमियोनं क्षणभर बघितलं आणि त्याच्या हातावर आपला हात दाबला. आलिंग सालिंग उजवीकडं सरकली, तळातला भाता मांडीवर घेतला, नळी डाव्या झडपेत खुपसली आणि दोन्ही हातांनी हवा भरू लागली.

“जोर लावा,” ती धापा टाकत म्हणाली. “एकानं लिहिलं, एकानं खरवडलं. आता दोघांनी मिळून जपा.”

“खरवडलं ना? मला ठाऊकच होतं,” पुलो म्हणाला.

“नंतर भांडा. हात काढलास तर मी बुडेन.”

त्यानं हात काढला नाही. दोघांच्याही माना मात्र विरुद्ध दिशांना होत्या. पडद्यांनी धरलं. आम्ही अर्धवट लोळत मैदानाच्या पायऱ्यांना लागलो.

दुपारी देल्फिननं मला पुसून कोरडी केली आणि ठिगळ चिकटवलं. गोंद उद्यापर्यंत पक्का होईल म्हणे, पण या दमट हवेत त्याची खात्री कोणी देईना. खालच्या गल्लीत अजून माणसं वरच्या मजल्यांवर आहेत. आत्ताच जायचं का, यावर वाद झाला. आलिंग सालिंग भाताच मांडीखाली घेऊन बसली, तेव्हा तो मिटला. मग फेमियो मार्कर घेऊन आला. ठिगळ नवं आहे, काहीतरी लिहायला हवं, असं त्याचं म्हणणं. पुलोही लगबगीनं जवळ आला.

आलिंग सालिंगनं मार्कर काढून घेतला. एका पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘हात लावू नये’, आणि पुठ्ठा पोत्याला टेकवून ठेवला. शाई माझ्या अंगाला लागू दिली नाही. दोन्ही कापितान तो मजकूर वाचून आपापल्या चटईवर गेले.

पाणी रात्री आणखी सोडणार आहेत. पहाटे मला घेऊन जाणार, हे ठरलंय. मी जाईन, माझ्या हातात तेवढंच आहे. पण भाता जोडण्याआधी कोणीतरी खाली बसा आणि अंगठ्यानं ती कड एकदा दाबून बघा. उचलली गेली, तर मला नेऊ नका. माझ्यात बसणाऱ्याला कड दिसत नाही, आणि फुगलेली असताना मला सांगता येत नाही.