खिरापतीचा डबा

भुलाबाईच्या खिरापतीत मले आमच्या गल्लीत कोणी हरवलं नव्हतं. गाणी झाली की पोरी डबा कानाशी धरून हलवतात, आवाजावरून आतला खाऊ ओळखतात. फुटाणे वेगळे वाजतात, खोबरं वेगळं. मी डबा असा दाबून भरे की तो वाजतच नसे. पोरी हात टेकत. शाळा माझी दुसरीत सुटली, पण एवढी अक्कल होती.

त्या वर्षी नात गोपिका अकरावी सायन्सले गेली. तिले डॉक्टर व्हायचं होतं, अन् मेडिकलचा नंबर मार्कांवर लागे. पण तिचा बाप, म्हणजे माझा आनंदराव, म्हणे, बायोलॉजीसंगं गणितही घे. मेडिकल हुकलं तर इंजिनिअरिंग आहे. वर एनसीसी, वर जर्मनचा क्लास.

"काहून रे, पोरगी आहे का पोतं?" मी म्हटलं.

"माय, तुले त्यातलं समजत नाही."

"प्रेमिलाच्या वेळी तुझा बापही हेच म्हणे."

प्रेमिला त्याची धाकटी बहीण. तिच्यावरही असंच सारं लादलं होतं. पहिल्याच सत्रात ताप डोक्यात गेला. सूत्रं पुटपुटत गेली पोरगी.

भुलाबाई बसली तोवर गोपिका बोलेनाशी झाली होती. ताट पुढं आलं की नुसती पाहत राही. हाक मारली की उशिरा मान वळवी, जशी हाक दुसऱ्याच कोणाले होती.

एका संध्याकाळी माझ्या डब्यापुढं पोरी हरल्या. "आजी, रिकामाच डबा आणला वाटते!" गोपिकानं डबा घेतला. हलवला नाही. कान लावून बसली.

"ओळख वं," मी म्हटलं.

"आजी, आत कोणी अभ्यास करून राहिलं."

"काय वं गोपिके, भुतायलेही कॉलेज असते का?" पोरी खिदळल्या.

मी डबा हिसकला. पत्रा कानाले गार लागला. आत बारीक पुटपुट. एक्सचा वर्ग, वायचा वर्ग, मधेच अडलेला श्वास, पुन्हा पहिल्यापासून. 'वर्ग'मधला र खाणारी ती जीभ माझ्याच पोटची होती.

झाकण उपटलं. गच्च शेंगदाणे, दुसरं काही नाही. अर्धे परातीत ओतले, झाकण लावून हलवला. खळखळ वाजला.

"शेंगदाणे," गोपिका म्हणाली. कित्येक दिवसांनी तिनं माझ्याकडं पाहिलं. "आजी, भूक लागली."

आनंदरावाले मी दारातच गाठलं. "उद्या कॉलेजात जाऊन गणित काढ. जर्मन काढ, परेड काढ. मेडिकलले लागते तेवढंच ठेव, अन् झोप ठेव."

"अन् मेडिकल हुकलं तर?"

"तर घरात जिवंत पोरगी उरेल. तुझ्या बापाले तेवढीही उरली नाही."

गणित निघालं. गोपिका जेवू लागली, वेळेवर निजू लागली. पुढं मेडिकलच्या यादीत नाव आलं. आनंदराव पेढे वाटत फिरला, जशी अक्कल त्याचीच होती. मी बोलली नाही. म्हणजे, फारसं बोलली नाही.

आता डबा मी कधी दाबून भरत नाही. पण भुलाबाईच्या दिवसांत फळीवरून उतरवला की आधी कान लावते. गोपिकानं सोडलेलं गणित कोणी तरी घेतलं आहे. अजून तिथंच अडते.

"पुरे वं प्रेमिले, जेवून घे आता," म्हणते मी, अन् झाकण थोडं सरकवून ठेवते.

सकाळी शेंगदाणे कमी झालेले असतात. सून म्हणते, उंदीर. म्हणू दे.