वळणापुढचा पत्रा

नोकरीच्या चौथ्या दिवशी लेकीनं जेवता जेवता विचारलं, "बाबा, आमच्या हॉटेलातली डक्ट वळणाच्या पुढे मुकी का होते?"

खरवडकाकांचा घास हातातच राहिला.

खरवडकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. हॉटेलाच्या भटारखान्यात चुलींवर पत्र्याचं मोठं हूड असतं आणि त्यातला धूर बाहेर नेणारी पत्र्याची चौकोनी डक्ट असते. ती आतून खरवडून काढायची, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं त्यांनी तेच केलं. धुरासोबत तेलाची वाफ वर जाते, पत्र्याला धरते, थरावर थर बसतो आणि शेवटी मेणासारखा जाड, पिवळा-काळा लेप होतो. त्याला एक ठिणगी पुरे. म्हणून दर सहा महिन्यांनी अंगावर जुने कपडे, डोक्याला फडकं आणि हातात लांब दांड्याची खरवडणी घेऊन काका दारात उभे राहत. आचारी ओरडत, "झाका रे भांडी, खरवडकाका आले!" नाव असं पडलं ते पडलंच.

पत्रा मुका होणं म्हणजे काय, हे घरात तिघांनाच कळत होतं. साफ पत्र्यावर चमचा मारला की तो टणकन बोलतो. लेप चढलेला पत्रा ढब्ब करतो. लेक लहान असताना काकांनी तिला हा खेळ शिकवला होता. डोळे मिटून ती घरातलं प्रत्येक भांडं वाजवायची आणि कुठलं रिकामं, कुठलं भरलेलं ते सांगायची. "बापलेकींनी एक भांडं धड ठेवलं नाही, सगळ्यांना पोचे," म्हणत तिची आई डोक्याला हात लावायची. पुढे लेक स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण घेऊन आचारी झाली, तरी ती खोड काही गेली नाही.

"दुपारी जरा सवड होती," ती सांगत होती. "पळीच्या दांड्यानं वाजवत गेले. हुडापासून छान टणटण. मग वळण येतं आणि डक्ट कोठीच्या खोलीवर जाते ना, तिथे फळीवर चढले, छताचा एक चौकोन सरकवला आणि मारली पळी. तर ढब्ब. पार भिंतीपर्यंत ढब्ब. मला वाटलं, मीच चुकले. तुम्ही तर साफ करता ना ती?"

"करतो," काका म्हणाले.

"मग?"

"वळणापर्यंत."

आईनं वाढायचं भांडं खाली ठेवलं.

"वळणाच्या अलीकडे दार आहे. तिथून खरवडणी जाते तेवढी जाते," काका ताटाकडे बघत बोलत होते. "पुढच्या पंधरा फुटांना दारच नाही. डक्ट बसवणाऱ्यानं ठेवलंच नाही, आणि नंतर मालकांनी कोठीत तिला चिकटून शीतखोली बांधली. आता फटीतून पळी पोचते, पण दार करायचं तर शीतखोलीचं छत उचकटावं लागेल. पहिल्या वर्षी मी सांगितलं होतं. मालक म्हणाले, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी पण तेच म्हणाले. मग मी विचारायचं सोडलं."

"आणि स्टिकरवर काय लिहिता?"

स्टिकर हुडाच्या कडेला लावतात. त्यावर तारीख, लायसनचा नंबर, खाली सही, आणि मधे एक चौकट असते, 'संपूर्ण मार्ग साफ केला'. अकरा वर्षं त्या चौकटीत काकांनी बरोबरची खूण केली होती.

"पहिल्या दिवशी," लेक हळूच म्हणाली, "मी सगळ्यांना ते स्टिकर दाखवलं. म्हटलं, ही सही माझ्या बाबांची आहे. डोळे मिटून काम करा."

ती चिडली असती, ताट सरकवून उठली असती, तर काकांना सोसलं असतं. पण तिनं त्यांच्या वाटीत आमटी वाढली आणि म्हणाली, "गार होतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी तिला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. चुलींच्या वर नळ्या असतात. हुडाच्या तोंडाशी एक छोटी कडी असते, ती आगीच्या आचेनं वितळते आणि नळ्यांतून फेस सुटतो. कढई पेटली तर तो फेस कढई विझवतो. पण तेवढ्या वेळात डक्टमधून धूर खेचणाऱ्या पंख्यानं जाळ आत ओढून घेतला आणि तो वळण ओलांडून गेला, तर पुढे त्याला अडवणारं काही नाही.

"तिथे नळी नाही, आणि मीही नाही," काका म्हणाले. "तू सोड ही नोकरी. दुसरी मिळेल."

"आम्ही सातजण आहोत तिथे, बाबा. मी आले निघून. बाकी सहाजणांच्या बाबांना कोण सांगणार?"

काका शर्ट बदलून मालकांकडे गेले.

मालक गोड बोलणारे. खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून हसले. "काका, अकरा वर्षं डक्टीला काही झालं नाही आणि तुमची लेक आली की आग लागणार होय? पोरीचा पायगुण इतका वाईट समजता?"

"तसं नव्हे मालक. वळणापुढे दार करून घ्या. दोन दिवसांचं काम आहे."

"दोन दिवस भटारखाना बंद. वर शीतखोलीचं छत उचकटायचं. आतला माल मी डोक्यावर घेऊन फिरू? सुट्ट्यांचा हंगाम जाऊ द्या, मग बघू." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि खरं सांगू? तुम्हीच लिहून दिलंय ना, सगळं साफ आहे म्हणून. मी तुमच्या शब्दावर चालणारा माणूस."

काका जिना उतरले. आपलाच शब्द आपल्या आडवा येतो तेव्हा तो ओलांडता येत नाही.

तरी ते तिथेच थांबले नाहीत, हे सांगायला हवं. माणूस चुकतो, चूक स्वतःच्या तोंडानं सांगायला वेगळं बळ लागतं, आणि ते काकांना त्या आठवड्यात कुठून तरी मिळालं. अग्निसुरक्षेच्या कार्यालयात जाऊन ते बाकावर बसले. दोन तासांनी आत बोलावणं आलं.

अधिकारी बाई होत्या. चष्मा केसांवर चढवलेला, टेबलावर अर्धवट प्यायलेला चहा. त्यांनी हॉटेलाची फाईल काढली, पानं उलटली.

"सगळं तर साफ दिसतंय. बावीस दाखले आहेत."

"ते खोटे आहेत."

"कोणी दिले?"

"मी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा डोळ्यांवर आणला आणि पहिल्यांदा काकांकडे नीट पाहिलं. "लेखी द्याल?"

काकांनी दिलं. अक्षर वळणदार होतं त्यांचं. लिहिताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आता कोणीतरी जाईल, छत उचकटेल, आत बघेल.

बाईंनी कागद वाचला आणि एक सुस्कारा सोडला. "तुम्ही केलंत ते बरं केलंत काका. पण मला नियमानं जावं लागतं. आज माझ्या हातात काय आहे, तर तुमचं लायसन. ते आजपासून थांबवते. हॉटेलाला नोटीस जाईल. दुसऱ्या कुणाकडून सफाई करून अहवाल द्या, असं सांगू. त्या अहवालात काही निघालं तर पुढची कारवाई."

"तुम्ही स्वतः नाही का येणार बघायला?"

"साडेआठशे भटारखाने आहेत आणि आम्ही दोघी," बाई म्हणाल्या. ते सबब सांगितल्यासारखं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं खरी होती.

सहा आठवड्यांनी सफाईची नवी कंपनी आली. एकसारख्या गणवेशातली दोन माणसं, चाकांचं यंत्र, दांड्याच्या टोकाला कॅमेरा. संध्याकाळी लेक घरी आली, चप्पल काढली आणि दारातच बसली.

"यंत्र छान होतं बाबा," ती म्हणाली. "वळणापर्यंत."

"तू विचारलंस का, पुढचं काय?"

"विचारलं. एकजण हसला. म्हणाला, ताई, पुढे दार आहे का? नाही ना? मग पुढे डक्टही नाही. मग त्यानं खूण केली, नवं स्टिकर लावलं. चकचकीत आहे. तुमचं काढून टाकलं."

काका दुसऱ्याच दिवशी पुन्हा कार्यालयात गेले. बाईंनी त्यांना ओळखलं, बसायलाही सांगितलं. पण फाईलवर हात ठेवून म्हणाल्या, "आता माझ्यापुढे दोन कागद आहेत. एक, मी खोटं बोललो म्हणणाऱ्याचा. दुसरा, सगळं ठीक आहे म्हणणाऱ्याचा. वर कुठला पाठवू, तुम्हीच सांगा."

काकांनी हात टेकले.

एकदा त्यांना वाटलं, आपणच आत जावं, पत्रा कापावा, काय व्हायचं ते होवो. खरवडणी आणि पत्रा कापायची कात्री पिशवीत घालून ते मागच्या दारानं गेलेही. मालक नेमके तिथेच उभे होते. त्यांनी नम्रपणे हात आडवा धरला. "काका, लायसन नसलेल्या माणसाला भटारखान्यात येता येत नाही. नियम आहे. आणि नियम तर तुम्हालाच जास्त ठाऊक."

म्हणजे खोटं बोलत होते तोवर दार उघडं होतं. खरं बोलल्यावर ते बंद झालं. लेपाचा एक कणही हलला नव्हता.

आत लेक जमेल तेवढं करत होती. तळणाची मोठी कढई कुणीतरी सोयीसाठी दोन वीत डावीकडे सरकवून ठेवली होती, तिच्या डोक्यावर नळीच येत नव्हती. लेकीनं ती परत नळीखाली आणली आणि जमिनीवर रंगानं रेघ ओढली. "कढईनं रेघ ओलांडली तर मला हाक मारायची," ती सगळ्यांना बजावायची. हुडाच्या जाळ्या ती रोज स्वतः गरम पाण्यात बुडवायची. मोठे आचारी चिडवायचे, "बापानं वर खरवडलं, लेक खाली घासतेय. घराणंच स्वच्छ." ती हसायची. पंधरा फूट मात्र तसेच होते.

काकांना आता काम नव्हतं. दुपारी बारा वाजता, जेवणाची गर्दी सुरू होते त्या वेळी, ते हॉटेलामागच्या बोळात येत. तिथे डक्ट भिंतीतून बाहेर येऊन वर गच्चीकडे गेली होती. सांध्यातून तेलाचा एक काळपट ओघळ भिंतीवर उतरला होता. काका पत्र्यावर तळहात ठेवत आणि आकडे मोजत. वीसपर्यंत हात टिकला तर ठीक. पंधरावरच चटका बसला तर आत तळण जोरात आहे. दहापर्यंतही टिकला नाही तर काय करायचं, ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मागच्या दारावर दोन्ही हातांनी बडवायचं आणि ओरडायचं. सव्वीस वर्षांच्या विद्येचं आता एवढंच उरलं होतं.

तीन वाजेपर्यंत ते उभे राहत. आई एकदा म्हणाली, "अहो, उन्हात उभं राहून आग थांबते का?"

"नाही थांबत," काका म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

एका दुपारी सालांचा टब घेऊन लेक बोळात आली. कपाळावर घाम, बाहीला पीठ.

"बाबा, घरी जा. पाय बघा कसे सुजलेत."

"कढई रेघेत आहे?"

"आहे." टब रिकामा करून ती क्षणभर त्यांच्याजवळ थांबली. "असं करू. मी आतून हुडाजवळ पळी वाजवते. तीनदा. तुम्ही इकडे कान लावा. ऐकू आली तर समजा, मी ठीक आहे. मग पत्र्याला हात लावून चटके घ्यायला नकोत."

ती आत गेली. काकांनी फडकं घडी करून पत्र्यावर ठेवलं आणि त्यावर कान टेकवला. आत पंख्याची घरघर होती. त्या घरघरीच्या पलीकडे टणकन एक आवाज निघाला असेल, वळणापर्यंत आला असेल, आणि तिथून पुढे त्या मऊ, जाड लेपात बुडून गेला असेल. काका श्वास रोखून उभे राहिले. एक नाही, दोन नाही, तीन नाही.

मागचं दार उघडलं. लेकीनं डोकं बाहेर काढलं. "आलं ऐकू?"

हो म्हणणं सोपं होतं. ती निवांत आत गेली असती. या डक्टीबद्दल अकरा वर्षं त्यांनी तेवढंच तर केलं होतं.

"नाही आलं, बाळा," काका म्हणाले.

तेलाचा रिकामा डबा पायानं ओढून तिनं तो दाराच्या फटीत घट्ट बसवला, दार मिटणार नाही असा. एकदा हलवून बघितलं आणि आत गेली.

काकांनी फडकं खिशात घातलं, पत्र्यावर तळहात ठेवला आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.