तिसऱ्या खुंटीवरची नेली

साहेब, तुम्ही एका मुलीला एक प्रश्नही न विचारता निकालात काढलंत. तुमचं नाव मला माहीत नाही. तुमच्या बुटांची चकाकी तेवढी आठवते.

मित्रांनो, मी इंग्लंडच्या लँकशायरमधल्या एका गिरणगावातल्या शाळेतली जुनी लाकडी पाटी आहे. गावच्या सुताराने मला तीन खुंट्या ठोकल्या. इंग्रजी विशेषणांच्या तीन पायऱ्या शिकवायला माझा जन्म. पिकप बाई माझ्यावर खडूने 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' लिहायच्या आणि प्रत्येकाखाली एकेका मुलाच्या नावाची चकती अडकवायच्या. उंच विल्फ्रेड लाजायचा, वर्ग खिदळायचा. मलाही मजा वाटायची.

तपासनीस साहेब आले त्या दुपारी बाईंनी लिहिलं, 'स्लो, स्लोअर, स्लोएस्ट'. शेवटच्या खुंटीवर नेली ऑर्मरॉड, म्हणजे वर्गात सगळ्यात मठ्ठ.

नेली बारा वर्षांची. सकाळी सहापासून गिरणीत, दुपारी शाळेत. यंत्रमागांच्या खडखडाटाने तिचे कान गेलेले. गिरणीतल्या बायांसारखी तीही ओठ वाचायची. पण बाई गणितं घालायच्या फळ्याकडे तोंड करून, मग नेलीला प्रश्नच कळायचा नाही.

"अगं, सांग ना बाईंना, इकडे वळा म्हणून!" शेजारची अ‍ॅडा नुसते ओठ हलवायची.

"तूच सांग की! छडी खायची हौस तुला आहे, मला नाही," नेली म्हणायची.

साहेब शिष्यवृत्तीसाठी एक मूल निवडायला आले होते. ती मिळाली असती तर नेलीची गिरणी सुटली असती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं. "वा बाई! काय झकास युक्ती!" म्हणाले आणि मुलांच्या यादीतल्या नेलीच्या नावावर काट मारली.

आणि मी? मी त्या शाबासकीने फुगले. धडधडीत खोटं अंगावर घेऊन मिरवले. त्याची लाज अजून धुतली जात नाही.

नेली तेराव्या वर्षी कायमची गिरणीत गेली. पुढे मीही कोळशाच्या खोलीत पडले. आता पिकलेल्या केसांची नेली शाळेची झाडलोट करते. काल तिने मला तिथून बाहेर काढून पुसलं आणि म्हणाली, "काय गं, खरंच एवढी मठ्ठ होते का मी?"

मित्रांनो, कुणाच्या गळ्यात असला शब्द अडकवण्याआधी त्याच्याकडे वळून बोला. एवढीच विनवणी.

पण साहेब, तुम्हाला विनवणी नाही. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. या, नेलीसमोर उभे राहा, ओठ नीट हलवा आणि द्या तिला उत्तर.