लाइन तयार होईपर्यंत

बुटांचा कारखाना इथून हलून मध्य जावाला जाणार, ही बातमी तांगेरांग शहरातल्या शिलाई विभागात आली तेव्हा बायका मशिनींवर डोकी टेकवून रडल्या. एकटी तर्मिनी रडली नाही. तिने शेजारणीला तीनदा विचारलं, "कुठे म्हणालीस? ग्रोबोगान? नक्की ग्रोबोगान?" आणि मग अशा वेळी शोभणार नाही असं हसू तिला फुटलं.

"हिचं डोकं फिरलंय," शेजारीण म्हणाली. "नोकऱ्या चालल्या आणि ही दात काढतेय."

पण ग्रोबोगान हा तर्मिनीचा जिल्हा. नवी शेड उभी राहत होती ती तिच्या करांगजाती गावापासून मोटरसायकलने वीस मिनिटांवर. सतरा वर्षांपूर्वी तिथे काम नाही म्हणून दोन वर्षांची पोर आईच्या ओटीत टाकून ती या शहरात आली होती. नवरा त्याच्या आधीच समुद्रापलीकडे कालिमांतानला पामच्या मळ्यात गेला आणि तिकडचाच झाला. सतरा वर्षं तिने बुटांचे वरचे भाग शिवले, पत्र्याच्या खोलीत आणखी तिघींबरोबर झोपली आणि दर ईदला दहा दिवस घरी गेली. दर ईदला पोर आधी तिच्याजवळ यायची नाही, आणि यायला लागली की परतीची बस उभी असायची.

आता ते काम स्वतःच उठून तिच्या दाराशी चाललं होतं. का चाललं होतं हेही तिला ठाऊक होतं. तिकडे मजुरी इथल्या निम्म्याहून कमी होती. साहेबलोकांना कुठे माणसं स्वस्त मिळतात याचा वास बरोबर लागतो. पण तर्मिनीला मजुरीशी फारसं देणंघेणं नव्हतं. तिला वेनिंगबरोबर, आपल्या लेकीबरोबर, एका घरात राहायचं होतं. एवढी एकच इच्छा घेऊन ती म्हातारी व्हायला लागली होती.

कंपनीने नव्या पोरींना शिकवायला सहा जुन्या बायका निवडल्या, त्यांत तिचं नाव आलं. करारात एक ओळ होती: नेमून दिलेली मशिनींची लाइन सलग तीन दिवस बुटांचे ठरलेले जोड काढील, त्या आठवड्यात शिकवणारीची नेमणूक संपेल.

"आणि मग?" तिने ऑफिसातल्या मुलीला विचारलं.

"मग काय, बाई? तिकडे भरती अठरा ते पंचवीस वयाचीच आहे."

"मी एक्केचाळीसची."

"म्हणून तर शिकवायला घेतलं तुम्हाला."

तर्मिनीने सही केली. या ओळीबद्दल घरी बोलायचं नाही, हेही ठरवलं. पुढचं पुढे बघू, असं म्हणण्यात कष्टकरी माणसांचा हात कुणी धरणार नाही. तिला वाटलं, एकदा घरी पोचलो की काहीतरी होईल. शिकवलेल्या पोरी आपल्याला सोडणार नाहीत, मुकादमाला दया येईल, काहीतरी होईलच.

घरी पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी वेनिंगने भात वाढला तो आधी आजीला. मग स्वतःला. मग थबकून, पाहुण्याला वाढावा तसा तर्मिनीला, जरा जास्तच. "माक, तिखट चालतं ना तुला?" तिने विचारलं. आईला तिखट चालतं की नाही हे एकोणीस वर्षांच्या मुलीला माहीत नव्हतं. तर्मिनीने मान हलवली आणि घास घेतला.

वेनिंगलाही कारखान्यात काम लागलं आणि नशिबाने आईच्याच लाइनला. सकाळी दोघी मोटरसायकलवर निघायच्या. वेनिंग चालवायची, तर्मिनी मागे. पहिला आठवडा तर्मिनीने मागची कडी धरून काढला. मग एके दिवशी खड्डा आला आणि तर्मिनीने तिची कंबर घट्ट धरली.

"माक, बरगड्या मोडशील माझ्या! मी काही पळून नाही चालले."

"शेतात घालशील गं मला."

"सतरा वर्षं त्या ट्रकांच्या गर्दीत राहिलीस, आणि मक्याच्या शेताला घाबरतेस?"

"तिथे मी बसमध्ये असायचे. माझी पोर चालवत नसायची."

वेनिंग हसली. पाठीमागून तर्मिनीला ते हसणं बरगड्यांत कळलं. त्या दिवसापासून रस्ताभर बडबड सुरू झाली. कोणाचं कोणाशी जमलंय, मुकादम पाक वाह्यूच्या टकलावर माशी कशी घसरते, आजी रात्री घोरते आणि सकाळी कानांवर हात ठेवते. दुपारी दोघी कुंपणापाशी सागाच्या पानात बांधून आणलेला भात खायच्या आणि एकमेकींच्या भातातलं सोयाबीनचं टेंपे पळवायच्या. तर्मिनी इतकी सुखी कधीच नव्हती, आणि म्हणूनच ती लबाडी करायला लागली.

बुटाच्या नाकाडापाशी शिवण गोल फिरते, तिथे नवशिकी माणसं पाय उचलतात, मशीन थांबवतात, चामडं वळवतात आणि पुन्हा सुरू करतात. सगळा वेळ तिथे जातो. तर्मिनी थांबत नसे. डाव्या हाताची करंगळी चामड्याखाली सरकवून ती ते सुईखाली चालू मशिनीतच फिरवायची. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती, सतरा वर्षांत बोटांनाच सुचली होती. तिने लाइनीतल्या चाळीस पोरींना सगळं शिकवलं, फक्त हे सोडून. लाइन ठरलेल्या आकड्याच्या जरा खाली रखडत राहिली आणि तर्मिनी घरी राहत राहिली.

वाईट वाटायचं तिला. पाक वाह्यू तांगेरांगहूनच आलेला, दिवसभर लाइनीत ओरडत फिरायचा, "हात आहेत की केळी? तुमच्यापेक्षा म्हैस बरं शिवेल!" पोरी खाली माना घालून रडायच्या आणि तर्मिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. तो हात आपला नाहीच असं तिला वाटायचं.

मग तिसरा महिना संपत आला तेव्हा त्याने तिला बाजूला घेतलं. "बाई, यांची चाचणीची मुदत संपतेय. आठ जणींना घरी पाठवतोय." त्याने यादी दाखवली. पाचवं नाव वेनिंगचं होतं. "तुमची मुलगी म्हणून सांगतोय. दहा दिवस आहेत. हिचा हात वळणावर अडतो."

तिने स्वतःला राखायचं म्हणून जे दडवलं, ते नेमकं पोटच्या पोरीच्या मुळावर आलं होतं.

रविवारी ती वेनिंगला शेजारच्या शिंप्याकडे घेऊन गेली. त्याच्या पायमशिनीवर जुन्या चपलेचं चामडं घेऊन ती तिच्या मागे उभी राहिली, तिची करंगळी आपल्या हातात धरली आणि चामड्याखाली सरकवली. "पाय उचलू नकोस. थांबू नकोस. ते आपोआप वळतं, तू फक्त अडवू नकोस."

संध्याकाळपर्यंत वेनिंगला ते साधलं. ती मशिनीवरून उठून नाचलीच. "माक! एवढं सोपं? आधी का नाही सांगितलंस?"

"आता सांगितलं ना. पण नदुक, पोरी, ही गोष्ट कुणाला सांगायची नाही. तुझ्यापुरती ठेव."

"का?"

"मी सांगते म्हणून."

वेनिंगने मान हलवली. पण तर्मिनी या पोरीला ओळखत नव्हती. तिला वाढवलं होतं ते आजीने. गावात कुणाचं घर शाकारायचं असो की कुणाची विहीर उपसायची असो, म्हातारी बाह्या सरसावून पहिली हजर. तिच्या हाताखाली वाढलेल्या पोरीला एकटीने तरून जाणं जमणारच नव्हतं. सोमवारी वेनिंगचा हात सुटला. मंगळवारी यादीतल्या बाकीच्या सात जणींचा सुटला. बुधवारी सकाळी तर्मिनी लाइनीपाशी आली आणि जागीच उभी राहिली. चाळीस मशिनी वळणावर न थांबता चालल्या होत्या. चाळीस डाव्या करंगळ्या चामड्याखाली होत्या.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तीन दिवस ती लाइनीतून फेऱ्या मारत राहिली. कुणाला हळू चालव म्हणायची सोय नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी फलकावरचा आकडा बघून पोरींनी टाळ्या पिटल्या, आणि तिनेही पिटल्या.

शनिवारी अर्धा दिवस काम झाल्यावर जेवण होतं. पोरींनी मिळून पिवळ्या भाताचा उंच सुळका रचून आणला होता, भोवती अंडी, टेंपे, तळलेली कोंबडी. सुळक्याचं टोक कापून सगळ्यांत मानाच्या माणसाला द्यायचं असतं. पाक वाह्यूने टोक कापलं, पोरी त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्याने ते तर्मिनीच्या हातात दिलं. केवढा गलका झाला! मग त्याच हाताने त्याने एक पाकीटही दिलं.

"नियम आहे, बाई," तो हळूच म्हणाला. त्या दिवशी त्याचा आवाज चढला नाही. "बाकीच्या लाइनी उभ्या राहिल्या की मलाही असंच पाकीट मिळेल."

तिने भाताचं टोक सगळं खाल्लं. पोरी बघत होत्या.

नेमणूक संपल्याचं ते पाकीट उघडायची गरज नव्हती. त्या दुपारी ती रस्त्यावरच्या आणखी दोन कारखान्यांच्या दारांवर जाऊन आली. दोन्हीकडे पाटी तीच, पंचवीसपर्यंत. पूर्वी बायका मका खुडायला जायच्या ती शेतं याच शेडांखाली गेली होती. वेनिंगच्या एकटीच्या पगारात तिघींचं भागणं शक्य नव्हतं. तांगेरांगच्या एका जुन्या मैत्रिणीने खाणावळ टाकली होती, तिथे भांडी घासायला बाई हवी होती. तर्मिनीने फोन केला आणि मैत्रीण ये म्हणाली.

घरी वेनिंग दारातच उभी होती. "माक, टोक तुला मिळालं! आता कायम करतील ना तुला? मी मुद्दाम सगळ्यांना शिकवलं. म्हटलं, लाइन चांगली निघाली की तुझंच नाव होईल. रागावली नाहीस ना?"

सांगायची वेळ हीच होती. तर्मिनीला खरं सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण ही पोर उद्यापासून त्या मशिनीवर बसणार, दर वळणाला करंगळी सरकवणार, आणि दर वेळी तिला आठवणार की याच बोटाने आपण आईला घराबाहेर काढलं. तर्मिनीला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

"रागावेन कशाला," ती म्हणाली. "मला तिकडून बोलावणं आलंय. तांगेरांगहून. चांगलं काम आहे. उद्याच निघते."

वेनिंगच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"उद्या? आणि तू हो म्हणालीस?"

"काम आहे, नदुक."

"इथे काम नाही? तुझाच कारखाना इथे आलाय ना?" तिचा आवाज फाटला. "आजी म्हणत होती, फार जीव लावू नकोस, ती काही टिकायची नाही. मी भांडले तिच्याशी. तुझ्यासाठी भांडले. पण तुला तेच शहर गोड लागतं. घरात बसवत नाही तुला."

"तसं समज," तर्मिनी म्हणाली.

आत म्हातारीने खोकून घेतलं. वेनिंगने पाठ फिरवली आणि वाळत घातलेला कंपनीचा निळा शर्ट ओढून काढून घड्या घालायला लागली. बराच वेळ एकच बाही ती पुन्हा पुन्हा दुमडत होती.

"स्टँडवर सोडायला मी येणार नाही," ती शेवटी म्हणाली. "रविवारचा ओव्हरटाइम लागलाय. लाइन जोरात आहे ना आता."

"नकोच येऊस," तर्मिनी म्हणाली. "पहिलाच ओव्हरटाइम आहे, उशीर करू नकोस."