दातिवऱ्याच्या नूडल्सना गुण

दातिवऱ्याहून जमनाचं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले होते, आणि नरहरी सावे यांनी अजून त्याला उत्तर दिलं नव्हतं. उत्तर न देण्याचा त्यांना तसा सराव होता. फोन वाजला की तो वाजून वाजून थकेपर्यंत ते त्याच्याकडे सहानुभूतीने बघत बसत. हे ठाऊक होतं म्हणून तर जमनाने पत्र लिहिलं होतं. पण पत्र वाजत नाही आणि थकतही नाही. ते चष्म्याच्या घराखाली पडून होतं आणि रोज चष्मा घालताना समोर येत होतं.

नरहरी पालघरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतरही तिथल्या साप्ताहिकात नव्या पुस्तकांवर अभिप्राय लिहीत. एकाही पुस्तकाला त्यांनी आजवर वाईट म्हटलेलं नव्हतं. ज्यांची सुरुवातीची पानंसुद्धा त्यांच्याच्याने ढकलवली नाहीत, ती पुस्तकंही 'वाचनीय' ठरली होती. लोक याला सहृदयता म्हणत. नरहरींना खरं कारण माहीत होतं: उद्या लेखक रस्त्यात भेटला तर? आणि पालघर एवढंसं, लेखक भेटतोच.

नरहरींची बायको हयात होती तेव्हापासून जमना त्यांच्याकडे सुकी मासळी विकायला यायची. ओटीवर पाटी उतरवायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि जाताना एखादी कादंबरी घेऊन जायची. पुढच्या खेपेला परत करताना म्हणायची, "भाऊ, ही तुमी छान बोलले ना? माझा घरवाला तिच्यावर डोका ठेवून झोपला. तेवढाच उपेग झाला."

तिने पत्रात लिहिलं होतं:

"भाऊ, आमच्या गटाच्या बायांनी नूडल्स काढल्यात. नूडल्स कोऱ्या आणतो बोईसरवरून, मसाला आमचा. जवळ्याचा, करंदीचा नि बोंबलाचा. पाकिटा संगती पाठवलीत. कोळगावला बचतगटांचा प्रदर्शन हाय, तिथे बोईसरचा एक कॅन्टीनवाला चव बघाला येणार. त्याला आवडला तर बायांना वरीसभर बसून काम. नाय आवडला तर परत पाटी डोक्यावर, नि माझे गुडघे आता पाटीला तयार नाय. गावातले समदे आपलेच, ते खरा बोलत नाय. तुमी खाऊन दहातले गुण द्या. नि छान नका लिहू. तुमचा छान आमाला ठाऊक हाय."

शेवटचं वाक्य नरहरींनी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांच्या साऱ्या लिखाणावर इतका नेमका अभिप्राय आजवर कुणी दिला नव्हता.

त्यांनी पाकिटं करून खाल्ली. बोंबलाची फार चांगली लागली. करंदीची बरी होती, मीठ जरा वर होतं. जवळ्याच्या, त्या बारीक सुकटीच्या, मसाल्याचा वास तर असा सुटला की सून दीपिका आतून विचारत आली, "बाबा, काय शिजतंय?" नरहरींनी मोठ्या उत्साहाने तोंड भरलं आणि दुसऱ्याच घासाला दाताखाली कच आली.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मसाल्यात वाळू आहे. नरहरींना पहिली शंका आली ती स्वतःच्या कवळीची. कवळी जुनी झाली, झिजली, तिचाच चुरा पडत असणार. ते दातांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर किंजल त्यांच्या वाचनालयात लहानपणी चित्रांची पुस्तकं बघायला यायची.

"काका, कवळी एकदम फर्स्ट क्लास आहे," ती कवळी उजेडात फिरवत म्हणाली. "त्रास कधी होतो?"

नरहरी कवळीशिवाय काहीतरी बोलले.

"काय?"

त्यांनी कवळी बसवून घेतली. "नूडल्स खाताना."

किंजलने हातमोजे काढले. "काका, घरी सगळं ठीक आहे ना? सूनबाई जेवायला देतात ना?"

मग त्यांनी पातेल्यावर संशय घेतला. मग नळाच्या पाण्यावर. मग जिभेवर, कारण जीभही त्यांच्याच वयाची होती. शेवटी त्यांनी एक शास्त्रीय तोड काढली. बाजारातल्या तऱ्हेतऱ्हेच्या नूडल्स आणायच्या, त्याच पातेल्यात, त्याच पाण्यात करायच्या, त्याच कवळीने खायच्या. त्यांतही कच लागली तर दोष आपला, आणि जमनाला निर्धास्तपणे लिहून टाकायचं की छान आहे. दोष आपलाच निघावा अशी मनातून त्यांची इच्छा होती. तशी त्यांना सवय होती.

पालघरच्या दुकानात ओळखीचे लोक भेटतील म्हणून ते एसटीने बोईसरला गेले. तिथल्या मोठ्या दुकानात एक अख्खी भिंत नूडल्सची होती. दुकानदाराने विचारलं, "चाचा, पोते के लिए?"

नरहरींना नातू नव्हता. पण नाही म्हटलं तर मग कुणासाठी ते सांगावं लागलं असतं. ते "हो" म्हणाले.

"कौन सी क्लास में है?"

"पाचवी," नरहरी म्हणाले आणि त्यांच्या कानशिलांना घाम फुटला.

"तो ये कोरियावाला मत लीजिए, बच्चा रोएगा."

हे ऐकल्यावर ते ठेवून देणं म्हणजे भित्रेपणा दिसला असता, म्हणून नरहरींनी तेही घेतलं. नाचणीच्या घेतल्या, ओट्सच्या घेतल्या, गरम पाणी ओतून पेल्यातच होतात त्या घेतल्या आणि टोमॅटोच्या घेतल्या. पिशवी छातीशी धरून ते एसटीत बसले, तेव्हा आपण काहीतरी चोरून नेतोय असंच त्यांना वाटत होतं.

त्या आठवड्यात घरात दुपारी नूडल्स शिजत. एकेक पाकीट संपलं की नरहरी त्याच्याच पाठीवर गुण लिहीत. नाचणीच्या नूडल्स भिजलेल्या सुतळीसारख्या लागल्या: सात. ओट्सच्या खाताना पथ्यावर असल्यासारखं वाटलं: सात. पेल्यातल्या, पाणी कोमट पडल्यामुळे, अर्ध्या कडकच राहिल्या. चूक आपलीच म्हणून त्यांनाही सात. टोमॅटोच्या मात्र लोणच्याच्या बरणीत बुडवून काढल्यासारख्या आंबट होत्या. तिथे त्यांचा हात सहावर गेला होता, पण पाकिटावर हसणारं मूल छापलेलं होतं, त्याच्याकडे बघून त्यांनी सात केले. कोरियाच्या नूडल्सनी त्यांच्या डोळ्यांतून आणि नाकातून धारा काढल्या. तेवढ्यात दीपिका आली. सासऱ्यांची ती अवस्था पाहून ती त्यांच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, आईंची आठवण आली का?"

नरहरींना बोलताच येत नव्हतं. त्यांनी मान हलवली. ती कुठल्याही दिशेने हलवली तरी दीपिकाने हवा तोच अर्थ घेतला असता. तिने संध्याकाळी त्यांना शिरा करून दिला. तो त्यांनी अपराध्यासारखा खाल्ला.

मुलगा धीरज तारापूरहून कामावरून आला की पाकिटांचा ढीग बघून हसायचा. "बाबा, सगळ्यांना सात? मग खाल्लं कशाला? न खाताच दिले असते."

पण कच एकातही लागली नव्हती. म्हणजे कवळी निर्दोष, पातेलं निर्दोष, पाणी निर्दोष. उरला जमनाचा मसाला. आणि शेवटचं पाकीट संपलं नेमका त्याच दुपारी फोन वाजला. नरहरी त्याच्याकडे नेहमीसारखे बघत बसले. पण दीपिका जवळच होती. तिने तो उचलला.

"हां, आहेत ना. बाबा, दातिवऱ्याच्या जमनाबाय."

फोन हातात आला.

"भाऊ? पत्र पोचला ना? पाकिटा पोचली?"

"हो, हो. पोचली."

"मग? मंगलवारी बाया बसणार भराला. जवळ्याच्या जास्ती भराव्या बोलतो आमी, वास झकास सुटलाय. तुमाला कशी लागली?"

सांगायचं होतं ते सगळं नरहरींच्या ओठांवर आलं होतं. पलीकडून बायांचा गलका येत होता, कुणीतरी "काय बोलतान भाऊ?" असं विचारत होतं. त्यांच्या तोंडून निघालं, "छान."

पलीकडे जमनाने बायांना गप्प केलं.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "छान म्हंजे पुस्तकासारी छान, का खरोखरची?"

"नाही, म्हणजे… छान आहे," नरहरी म्हणाले. फोन ठेवून ते पाकिटांच्या ढिगाशेजारी जाऊन बसले. पुस्तकाला वाचनीय म्हटलं तर फार तर कुणाची तरी एखादी दुपार वाया जाते. इथे कॅन्टीनवाल्याने दुसऱ्या घासाला तोंड वेडंवाकडं केलं की जमनाच्या डोक्यावर पुन्हा पाटी येणार होती. पण तरीही एक शंका उरलीच होती. बाया वर्षानुवर्षं जवळा सुकवतात, विकतात. त्यांना कळलं नाही ते आपल्याला कसं कळेल? आपण कोण?

दुसऱ्या दिवशी दीपिकाने जेवायला जवळा करायला घेतला. नरहरी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती जवळा पातेल्यात धूत होती. हाताने वर वर निथळून घेत होती, पाणी बदलत होती.

"एवढा का धुतेस?" त्यांनी सहज विचारलं.

"धुवायला नको? वाळूत सुकवतात तो. आईंनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. म्हणाल्या, पातेल्याच्या तळाला बोट फिरवून बघायचं, कच लागली की आणखी एक पाणी." तिने पातेलं त्यांच्यापुढे तिरकं धरलं. तळाशी वाळूची बारीक रेघ साचली होती.

नरहरींनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. जमनाने इतकी वर्षं जवळा विकला, पण विकणारी कधी धूत नाही. धुवायचा तो घेणारीने, आपल्या घरी. घरच्या कालवणाला त्याही धूत असतील, पण मसाला विकायचा, म्हणून त्यात पाटीतला जवळा तसाच गेला. बोंबील वर दांडीला टांगून सुकतो, त्याला वाळू कुठून लागणार? जवळा मात्र जमिनीवर पसरतात. सुकवला, भाजला, कुटला, पाकिटात भरला, आणि मधलं धुणं कुणाच्याच वाट्याला आलं नाही.

"बाबा, तो फोन घ्या आणि जमनाबायना सांगून टाका," सगळं ऐकल्यावर दीपिका म्हणाली. "मंगळवारी भरायला बसणार ना त्या?"

"फोनवर माझ्या तोंडून पुन्हा छानच निघेल."

"मग मी सांगते."

"नको," नरहरी म्हणाले. आपण इतक्या जोरात बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं. "तिने मला विचारलंय. मंगळवारला अजून अवकाश आहे, पत्र पोचेल."

ते लिहायला बसले. पहिला मसुदा दोन्ही बाजूंनी भरला. त्यात कवळीची हकीकत होती, स्वतःच्या जिभेच्या मर्यादा होत्या, आणि जवळा हा शब्द शेवटच्या ओळीत आला होता. तो फाडला. दुसऱ्यात "कदाचित" इतक्यांदा पडलं होतं की वाचणाऱ्याला नूडल्स अस्तित्वात आहेत की नाहीत अशी शंका आली असती. तोही फाडला. तिसरा एवढाच होता:

"जमनाबाय, फोनवर छान म्हणालो ते धरू नका. जवळ्याच्या मसाल्यात वाळूची कच आहे. जवळा भाजायच्या आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन, कडकडीत उन्हात पुन्हा सुकवा, मगच कुटा. तोवर त्या भरू नका. जवळा: तीन. करंदी: सहा, मीठ कमी करा. बोंबील: नऊ. कॅन्टीनवाल्यापुढे आधी बोंबलाच्या ठेवा. नरहरी."

'तीन' हा आकडा त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. कुणाला तीन गुण देण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. चार करावेत का, असं वाटलं. मग पातेल्याच्या तळाची रेघ आठवली आणि त्यांनी पाकीट चिकटवलं.

पोस्टापर्यंत ते रिक्षाने गेले, कारण चालत गेलो तर वाटेत विचार बदलेल याची त्यांना खात्री होती. पेटीपुढे साप्ताहिकाचा एक कवी भेटला. "सावेसाहेब, माझा संग्रह वाचलात?"

"वाचतोय," नरहरी म्हणाले. आणि मग, कसं कोण जाणे, पुढे म्हणाले, "मधल्या कविता जरा लांबल्यात."

कवीचा चेहरा पडला. नरहरी पेटीकडे वळले. आपण घरी पळून जायच्या आत त्यांनी पत्र तिच्या फटीत सरकवलं. मग खात्री करायला बोटं आत घातली. पत्र हाताला लागलं नाही.