सव्वातीनची वेलांटी

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणतो. नाहीतर माझी कुणाशी फारशी मैत्री नाही, आणि ज्यांना धड वाचता येत नाही त्यांच्याशी तर मुळीच नाही.

एका सुताराने मला सागवानी चौकटीत बसवलं आणि मी शाळेत गेलो. चौथीच्या वर्गात तेवीस वर्षं काढली. आमचे गुरुजी मोठे कडक. वेलांटी चुकली की तो शब्द दहादा लिहायला लावायचे, तोही माझ्यावर, सगळ्या वर्गासमोर. त्यांची शिस्त माझ्या अंगात मुरली. ठोंब्या पोरांच्या किती पिढ्या मी पाहिल्या! डोळे मोठे, डोकं रिकामं. मग एक दिवस शाळेत पांढरा चकचकीत फळा आला. त्यावर अक्षर दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं. तरी सगळ्यांना तोच आवडला. मला मोडक्या बाकांच्या खोलीत टाकलं. शाळेचं सामान घेऊन एक नावाडी यायचा. तो म्हणाला, "हा मी नेऊ का?" मुख्याध्यापक म्हणाले, "न्या, तेवढीच जागा होईल." एवढाच माझा निरोपसमारंभ.

तेव्हापासून मी या बेटावर, होड्यांच्या धक्क्याशेजारी उभा आहे. वर पत्र्याचं छप्पर, मोडक्या पायाला तार गुंडाळलेली. माझ्यासमोर किनारा, आणि किनाऱ्यापासून थोडा दूर समुद्रात एक मोठा सपाट खडक. ओहोटीला मधे वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि माणसं चालत खडकावर जातात. भरती आली की पट्टा बुडतो, दोन्ही बाजूंनी पाण्याची ओढ लागते, आणि शेवटी खडकही पाण्याखाली जातो. ही वेळ रोज बदलते. म्हणून नावाडी रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसतो आणि लिहितो: खडकावरून परत याची वेळ, अमुक अमुक.

'परत याची'! पाहिलंत? दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. त्याच्या वेलांट्या कुठेही जातात. एकोणीस वर्षं मी ते अक्षर अंगावर वागवत होतो आणि मनातल्या मनात त्याला अडाणी म्हणत होतो.

आता पर्यटकांबद्दल. माणूस सुट्टीच्या पहिल्या दिवशी जितका मूर्ख असतो तितका एरवी कधी नसतो. त्याची अक्कल बॅगेत कपड्यांच्या तळाशी असते, ती बाहेर काढायला दुसरा दिवस उजाडावा लागतो. नाकाला पांढरं मलम फासतात आणि पाठ विसरतात. टोपी घालतात आणि ती उडाली की तिच्यामागे धावतात. ओले टॉवेल माझ्यावर टाकतात. मी काय दोरी आहे?

त्या दिवशी सकाळच्या होडीने एक कुटुंब उतरलं. नवरा, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. नवरा कुठल्याशा कचेरीत मोठा साहेब असावा, कारण धक्क्यावर पाय ठेवल्या ठेवल्या त्याने धक्का कसा बांधायला हवा होता ते सांगितलं. बायकोने सगळ्यांचे फोन खोलीत कुलपात ठेवले. पहिला दिवस फोनशिवाय, असं त्यांचं घरून निघतानाच ठरलं होतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, होडीतले काका म्हणाले, बेट फार पूर्वेला आहे, म्हणून इथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. तुमचं घड्याळ लावायचं राहिलंय."

"राहू दे. ऑफिसात आत्ता काय चाललंय ते कळायला हवं. आणि माझं घड्याळ कधी चुकत नाही."

दीड तासाचा फरक आणि दीडशहाणा माणूस, जोडी कशी जुळून आली बघा.

मग तो माझ्यासमोर उभा राहिला. नावाड्याने लिहिलं होतं 'सव्वातिन'. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी खाचेतला खडू उचलला, अंगठ्याने 'ति' पुसला आणि ठळक 'ती' काढला. 'याची' खोडून 'येण्याची' केलं. मग चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "साधं शुद्ध लिहिता येत नाही या लोकांना."

आणि मित्रांनो, लपवत नाही, मला फार बरं वाटलं. एकोणीस वर्षांनी कुणीतरी शिकलेला माणूस भेटला होता.

दुपारी बाप आणि मुलगी खडकावर गेले. बायको छत्रीखाली पडून राहिली. नावाडी पलीकडे जाळं दुरुस्त करत बसला होता. माझ्यावर वेळ लिहिलेली होतीच, आणि आजचे पाहुणे वेळ नुसती वाचणारे नव्हते, सुधारणारे होते. मग तो कशाला काळजी करेल?

तीन वाजून गेले. पट्ट्याच्या मधोमध पाण्याची एक बारीक रेघ आली, मग ती हातभर रुंद झाली. बायको उठून बसली. तिने हाक मारली, "अहो, येताय ना?" साहेबांनी तिकडून मनगट वर केलं, घड्याळावर दोनदा बोट आपटलं आणि हात हलवला. त्यांच्या घड्याळात जेमतेम पावणेदोन होत होते. पाणी डोळ्यांसमोर होतं, पण घड्याळात नव्हतं, आणि कचेरीतल्या माणसाला घड्याळातलंच खरं वाटतं.

बायकोने पुन्हा हाक मारली नाही. ती थेट नावाड्याकडे धावली. "पोरगी तिकडे आहे हो," एवढंच तिला बोलता आलं.

नावाड्याने हातातलं जाळं खाली टाकलं आणि होडी ढकलली. "खडकावरच थांबा!" तो ओरडत होता. पण साहेबांना आता पाणी दिसलं होतं, आणि दिसल्यावर त्यांनी नेमकं करू नये तेच केलं. मुलीचा हात धरून ते पट्ट्यावर उतरले. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत होतं, तिच्या कमरेपर्यंत. दहा पावलांनी त्यांच्या कमरेपर्यंत आलं. मग ओढ लागली आणि मला फक्त साहेब दिसत होते.

मी काय करणार? लाकडाचा मी, तारेने बांधलेला. तेवीस वर्षांत एवढ्या पोरांवर डाफरलो, पण त्या क्षणी मला एकच पोर दिसायला हवं होतं, आणि ते दिसत नव्हतं.

नावाड्याने होडीतून उडी टाकली. थोड्या वेळाने तो वर आला तेव्हा त्याच्या मुठीत मुलीची वेणी होती.

किनाऱ्यावर आईने तिला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. मुलगी खोकली, पाणी ओकली, रडली. रडली म्हणून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. साहेब होडीची कड धरून किनाऱ्याला लागले होते. दम परत आल्यावर मात्र ते तरातरा माझ्याकडे आले आणि माझ्यावर हात आपटत नावाड्याला म्हणाले, "सव्वातीन म्हणजे कुठल्या वेळेने? लिहायला नको तसं? बेजबाबदारपणा आहे हा. मी तक्रार करणार आहे."

नावाडी सदरा पिळत होता. तो म्हणाला, "चुकलं, साहेब. उद्यापासून लिहीन."

तेव्हा मुलगी आईच्या कुशीतून म्हणाली, "बाबा, तुम्ही माझा हात सोडलात. काकांनी धरलं."

साहेबांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि तिथेच वाळूत बसले. बायकोने त्यांना उठवलं नाही.

तर मित्रांनो, शेवटी काहीतरी मागायची रीत आहे. मला रंग द्या, माझी धूळ झटका, असलं काही मी मागत नाही. माझ्यावर टॉवेल टाकलात तरी चालेल. फक्त कुणी काही लिहून ठेवलं असेल तर आधी ते काय सांगतंय ते वाचा, कसं लिहिलंय ते मागाहून बघा. त्या दिवशी साहेबांनी वेलांटी पाहिली आणि वेळ पाहिली नाही. तुम्ही त्यांना खुशाल हसा. मला हसता येत नाही. त्यांचं घड्याळ मागे आहे हे मुलीने माझ्यासमोरच सांगितलं होतं. ते मी ऐकलं, आणि पुढच्याच मिनिटाला विसरलो, कारण माझ्या अंगावर एक शुद्ध अक्षर उमटत होतं.